मधली वीस मिनिटं

विद्यापीठात मला घड्याळबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण माझे कान अजून शाबूत आहेत. सव्वीस वर्षं मी वेळापत्रक लावते. माझ्या खोलीची एक अख्खी भिंत म्हणजे लाकडी फळा. त्यावर ओळीने ठोकलेले खिळे आणि खिळ्यांना अडकवलेल्या रंगीत पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या. प्रत्येक विषयाचा रंग वेगळा. संगणक आला तेव्हा त्यालाही मी टेबलाच्या कोपऱ्यात जागा दिली. आधी फळ्यावर जमवायचं आणि मग त्याला सांगायचं, असं आमचं ठरलेलं आहे.

वेळापत्रकाबरोबर आणखी एक गोष्ट माझ्या गळ्यात पडली आहे, ती म्हणजे उशिराची वही. घंटेनंतर पाच मिनिटांनी वर्गाचं दार बंद होतं. बाहेर राहिलेल्यांनी माझ्याकडे यायचं, वहीत नाव आणि कारण लिहायचं, माझी बोलणी खायची, की पुढच्या तासाला मोकळे. ती वही वाचली तर तरुण पिढीच्या कल्पनाशक्तीबद्दल चिंता उरत नाही. एका मुलाची आजी एकाच सत्रात तीनदा वारली. मी त्याला म्हटलं, "चौथ्यांदा वारल्या तर मलाही कळव, भेटायला येईन." बोलण्यात मी कोणाची भीडभाड ठेवत नाही. लहान, थोर, प्राध्यापकाचा मुलगा, सगळ्यांना सारखंच.

म्हणजे असं मला वाटत होतं.

ती मुलगी इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला होती. शिंप्याची लेक, हुशार आणि जिभेची तिखट, व्हीलचेअरवर असायची. पहिलं वर्ष तिला उचलून नेण्यात गेलं. इतिहासाचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. चार मुलं खुर्ची उचलून जिना चढायची आणि ती डोळे गच्च मिटून घ्यायची. मी एकदा ते पाहिलं. त्या सुट्टीत मी फळ्यासमोर पाच आठवडे उभी राहिले. तीन प्राध्यापकांच्या जुन्या खोल्या काढून घेतल्या, दोघांनी माझ्याशी बोलणं टाकलं, पण तिच्या वर्गाचे सगळेच्या सगळे तास तळमजल्यावर आणले, चार नंबरच्या खोलीत. दार रुंद, उंबरा नाही, शेजारीच तिला वापरता येईल असं स्वच्छतागृह. सकाळी नऊला आत जायचं, दुपारी तीनला बाहेर यायचं. कुठे चढणं नाही, उतरणं नाही. फळ्यावर त्या सगळ्या निळ्या चिठ्ठ्या एकाखाली एक लागल्या, तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं. शिपाईदादांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "ताई, तुमच्यासारखं डोकं कोणाचं नाही." मी म्हटलं, "ते तर आहेच."

सत्र सुरू झाल्यावर तिचे वडील आले. हडकुळा, हळू बोलणारा माणूस. मुलीच्या खुर्चीमागे अडकवायची निळी पिशवी त्यांनीच शिवली होती, कप्प्याकप्प्यांची. माझ्यासाठी त्यांनी एक उशी आणली होती, खुर्चीवर घालायला.

"ताई, दिवसभर बसून काम असतं तुमचं," ते म्हणाले. "माझ्या पोरीचं तुम्ही एवढं केलंत. मी दुसरं काय देणार?"

मुलगी बाजूलाच होती. ती नुसती हसली. लाजली असेल, असं मी धरून चालले.

दोन महिन्यांनी एका सकाळी ती एकटीच माझ्या खोलीत आली आणि टेबलावर एक कागद ठेवला. बहिःस्थ होण्याचा अर्ज होता. म्हणजे वर्गात यायचं नाही, घरी अभ्यास करायचा आणि फक्त परीक्षेला यायचं. असे अर्ज माझ्या टेबलावरून पुढे जातात, कारण पटावरची संख्या कमी झाली की मला खोली बदलता येते.

"हे काय बाळ? तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे."

"मग? वर्गात कोणी काही बोललं? नाव सांग नुसतं."

"कोणी काही बोलत नाही बाई. सगळे फार चांगले आहेत." ती खिडकीकडे बघत होती. "शेवटची तारीख पुढच्या महिन्याच्या पंधराला आहे. तेवढा पुढे पाठवा."

"बाबांना माहीत आहे?"

"त्यांना सांगितलं, तुमची रोजची ने-आण वाचेल. ते शिवायला बसले."

मला राग आला, खरं सांगते. माझे पाच आठवडे डोळ्यांसमोर आले. पण तिच्याशी बोलताना माझा आवाज आपोआप मऊ व्हायचा, तसा तेव्हाही झाला. "असं करू नये बाळ. एवढी सोय केली आहे आपण. सगळं तुझ्यापाशी आणून ठेवलं आहे."

"तेच तर," ती म्हणाली. "सगळं माझ्यापाशी आणून ठेवलंय. मग मी जाऊ कुठे?"

ती बोलत सुटली, बरेच दिवस मनात घोळलेलं असणार. "घंटा झाली की वर्ग कँटीनला पळतो. दहा मिनिटांत ते जातात, चहा पितात, कोणाची तरी टर उडवतात आणि परत येतात. मला नुसतं तिथे पोचायलाच दहा मिनिटं लागतात. म्हणून मी खोलीत बसते. मी बसलेलीच असते, म्हणून सगळे माझ्याजवळ बॅगा ठेवून जातात. काल अठरा होत्या. आता तर चार नंबरला 'तुझी खोली' म्हणतात. परत आले की हसत असतात, कशाला हसता विचारलं की म्हणतात, जाऊ दे, तू तिथे असतीस तर कळलं असतं. ते खरंच आहे, बाई. पहिल्या वर्षी जिन्याची भीती वाटायची, पण निदान सगळ्यांच्या मध्ये तरी असायचे. बॅगाच राखायच्या तर घरीही बाबांचे कपड्यांचे गठ्ठे आहेत."

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही किती खूश होता." मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि तुम्ही माझ्याशी नेहमी असं बोलता. बाळ, बाळ करून. बाकी सगळ्यांना झापता. मला एकदाही नाही."

ती गेली. मी खुर्चीवर बसले आणि तिच्या बापाने शिवलेली ती मऊ उशी मला टोचायला लागली. उठून मी ती बाजूच्या खुर्चीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या घंटेला मी चार नंबरमध्ये डोकावले. वर्ग रिकामा होता. ती पहिल्या बाकाशी पुस्तक उघडून बसली होती आणि तिच्या तिन्ही बाजूंनी बॅगा रचलेल्या होत्या. पान उलटत नव्हतं. मी तिच्या नजरेस न पडता मागे फिरले. मला फार वाईट वाटलं, आणि लाजही. सव्वीस वर्षं मी तासांची जमवाजमव केली होती. दोन तासांच्या मधे जे असतं त्याची चिठ्ठी माझ्या फळ्यावर नव्हतीच. तिथे नुसता लाकडाचा पट्टा होता.

तिचा अर्ज मी खणात टाकला. पंधरा तारखेला अजून तीन आठवडे होते.

दुपारी प्रथमोपचाराच्या खोलीतली व्हीलचेअर मागून घेतली आणि शिपाईदादांना म्हटलं, "बसा."

"मी? ताई, लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, दादांनी आयुष्यात पहिल्यांदा बसून काम केलं. बसा. आणि चाकं तुम्हीच फिरवायची, मी ढकलणार नाही."

मी घड्याळ लावलं. चार नंबरपासून निघालो. पुढच्या बाजूने ग्रंथालयाच्या पायऱ्या, म्हणजे वाट बंद. मागच्या बाजूने उतार आहे, पण तो कचऱ्याच्या डब्यांमागून जातो आणि त्याच्या तोंडाशी लोखंडी फाटक. फाटकाला कुलूप. किल्ली रखवालदाराकडे, आणि रखवालदार जेवायला गेलेला. तो येईपर्यंत दादा डब्यांशेजारी नाकाला रुमाल लावून बसले होते. "ताई, इथून बघितलं तर सगळं उंच उंच दिसतं हो," ते म्हणाले. कँटीनमध्ये पोचल्यावर त्यांची हनुवटी काउंटरला लागली. चहावाल्याला आधी ते दिसलेच नाहीत. कुलपाचा वेळ वजा करून अकरा मिनिटं लागली होती. परतीची वेगळी.

म्हणजे नुसता मधला वेळ वाढवून भागणार नव्हतं. तिला परत आणायचंच कशाला? कँटीनला लागूनच पलीकडे विज्ञान इमारत आहे. तिला लिफ्ट आहे, तळाला मोठे वर्ग आहेत. पहिले दोन तास चार नंबरमध्ये, मग मधली सुट्टी, आणि पुढचे तास तिकडे, विज्ञान इमारतीत. अख्ख्या वर्गाने उठायचं, कँटीनवरून जायचं आणि पुढे व्हायचं. अकरा मिनिटं वाटेला आणि नऊ मिनिटं चहाला. वीस मिनिटं हवी होती.

आणि ती सगळ्या विद्यापीठाला हवी होती. तिच्या एका वर्गापुरती दिली असती तर पुन्हा 'हिच्यासाठी' झालं असतं, आणि त्यातून तर मला तिला सोडवायचं होतं.

मी कुलसचिवांकडे गेले. अकराची सुट्टी दहा मिनिटांवरून वीस मिनिटांची करायची, म्हणजे सगळ्यांचा दिवस दहा मिनिटांनी लांबणार. ते ऐकून साहेबांनी चष्मा काढला. "बाई, प्राध्यापक मला कच्चा खातील. एका मुलीसाठी?"

"मुलगी एक आहे, वाट सगळ्यांची आहे."

"पण दहा मिनिटं पुरतात की. इतकी वर्षं पुरतायत."

"ती दहा मिनिटं कोणी ठरवली माहीत आहे का साहेब? मी. नोकरीला लागले तेव्हा इथून विज्ञान इमारतीच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वतः चालून मोजली. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि दोन दोन पायऱ्या एकदम चढायचे. त्यानंतर कोणी मोजलेलीच नाहीत. चला, आज आपण दोघं मोजू."

साहेबांना वाटलं मी गंमत करते आहे. मी दार उघडून उभी राहिले. शेवटी ते उठले. वाटेत त्यांनी दोनदा फोन आल्याचं निमित्त काढून दम खाल्ला, एकदा बुटाची नाडी बांधली. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा चौदा मिनिटं झाली होती आणि आम्ही दोघंही कठड्याला धरून उभे होतो. माझा गुडघा ठणकत होता.

"वीस करा," साहेब धापा टाकत म्हणाले. "आणि हे कोणाला सांगू नका."

नंतर जो गदारोळ झाला तो मी सविस्तर सांगत बसत नाही. सह्यांचं निवेदन आलं. एक प्राध्यापक म्हणाले, दहा मिनिटांनी माझं कौटुंबिक स्वास्थ्य बिघडेल. सगळ्यात जास्त चिडले ते इतिहासाचे कुलूपसर. हे अर्थात मुलांनी ठेवलेलं नाव. पाच मिनिटं झाली की हा माणूस दाराला कडी घालतो, मग बाहेर कुलगुरू असोत. "वीस मिनिटं दिली की पोरं तीस घेतील," ते म्हणाले. मी म्हटलं, "घेतील त्यांना बाहेर ठेवा सर, माझ्या वहीत जागा भरपूर आहे." फाटकाचं कुलूप मी रखवालदाराकडून काढून घेतलं आणि माझ्या खणात ठेवलं, अर्जाच्या शेजारी. डबे हलवायला मात्र तीन अर्ज आणि एक भांडण लागलं.

नवीन वेळापत्रक सोमवारी लागलं. गुरुवारी पंधरा तारीख होती.

सोमवारी मी अकराला खिडकीशी जाऊन उभी राहिले. वर्ग बाहेर पडला. पुढे मुलं, मागे मुली, आणि सगळ्यात शेवटी ती, एकटी. सवयीने दोघीतिघींनी तिच्या मांडीवर बॅगा ठेवल्या आणि पुढे पळाल्या. बॅगांच्या ढिगामागून तिचं तोंडही दिसत नव्हतं. मंगळवारीही तेच. त्या दिवशी दादा म्हणाले, "ताई, रस्ता तुम्ही दिलात. आता चालायचं कोणाबरोबर ते काय तुम्ही फळ्यावर लावणार?" मी त्यांच्यावर खेकसले. पण ते बरोबर बोलत होते, आणि म्हणूनच खेकसले.

बुधवारी मी खिडकीकडे गेलेच नाही. घरी नवऱ्याला म्हटलं, उद्या तो अर्ज पुढे पाठवावा लागणार. तो म्हणाला, "तुझ्याकडून होईल तेवढं केलंस." त्याने माझं समाधान झालं नाही.

गुरुवार उजाडला. मी अर्ज खणातून काढून टेबलावर ठेवला. तिने मागितला नव्हता, पण तारीख तारीख असते. माझ्या सहीपुरती जागा रिकामी होती. अकराची घंटा झाली, अकरा वीसची झाली. मी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

पावणेबाराला बाहेर खिदळण्याचा आवाज आला आणि दारात पाच मुली दिसल्या. चौघी उभ्या आणि मधे ती. तिचे केस विस्कटले होते, गाल लाल झाले होते. खुर्चीमागची निळी पिशवी जागेवर नव्हती.

मी ताडकन उठले. "तास चालू आहे ना तुमचा? काय झालं? पिशवी कुठे आहे तुझी?"

"पिशवी आत आहे," ती म्हणाली. "एक मैत्रीण घेऊन पुढे गेली, ती वेळेत पोचली. तीच राखतेय. मी बाहेर राहिले. कुलूपसरांनी कडी घातली."

"तुला बघून घातली?"

"मला बघूनच घातली! मी दाराच्या इतकी जवळ होते." तिने हातांनी अंतर दाखवलं. चौघी पुन्हा हसायला लागल्या.

माझं डोकं फिरलं. वाटेत काही अडलं असेल, डबे परत आले असतील, फाटक कोणी लावून घेतलं असेल. "थांबा, मी येते तुमच्याबरोबर. बघते तो माणूस कडी कशी उघडत नाही. हिला वाटेला वेळ लागतो एवढं कळू नये?"

"नाही हो बाई," ती घाईघाईने म्हणाली. "वाटेला काही झालं नाही. आम्ही केव्हाच पोचलो होतो कँटीनला. ही सरांची नक्कल करत होती, कडी घालण्याची. मी म्हटलं, असं नाही, असं, आणि मी करून दाखवली. मग सगळ्या पुन्हा पुन्हा करायला लावत बसल्या. घंटा आम्हाला ऐकूच आली नाही."

"हिला नक्कल फार भारी जमते," दुसरी म्हणाली. "आम्हाला इतके दिवस पत्ताच नव्हता."

मी खाली बसले. उशिराची वही पुढे सरकवली. चौघींनी आपापली नावं लिहिली, कारणाच्या रकान्यात एकीने पोटदुखी, एकीने गर्दी, असं नेहमीचंच. मग वही तिच्याकडे गेली. त्या वहीत तिचं नाव कधीच आलेलं नव्हतं. चार नंबरमध्ये ती रोज सगळ्यांच्या आधी बसलेली असायची, तिला उशीर होणार कुठून? तिने सावकाश नाव लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला: गप्पा.

माझे डोळे भरून आले. तो शब्द मला नीट दिसेना. पण पाचही जणी समोर माझी बोलणी खायला उभ्या होत्या, नियमाप्रमाणे. मी चष्मा पुसला आणि घसा साफ केला.

चौघींना मी जे म्हटलं ते रोजचंच होतं. मग मी तिच्याकडे वळले. क्षणभर तोंडात 'बाळ' आलंच होतं. ते मी गिळलं.

"आणि तू गं भवाने! लाज नाही वाटत? वीस मिनिटांसाठी मी अख्ख्या विद्यापीठाशी वैर घेतलं, आणि तू तिथे नकला करत बसतेस? 'गप्पा' म्हणे! निदान खोटं तरी लिहायचं, या बाकीच्यांसारखं! पुन्हा या वहीत तुझं नाव दिसलं ना, तर तुझ्या बापाला बोलावून घेईन दुकानातून. कळलं?"

बाकीच्या चौघींनी एकमेकींकडे पाहिलं, हिच्यावर कोणी असं ओरडू शकतं हे त्यांना नवीन होतं. ती माझ्याकडे बघत होती. तिचं तोंड हळूहळू हसण्याने भरून गेलं, कितीही दाबलं तरी दबेना.

"कळलं, घड्याळबाई," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत हे नाव माझ्या तोंडावर कोणी घेतलं नव्हतं. चौघींनी जीभ चावली.

जाता जाता तिची नजर टेबलावर गेली. अर्ज समोरच होता, शेजारी माझं उघडं पेन. तिने हात पुढे केला. "तो माझा कागद आहे ना? द्या."

"आज शेवटची तारीख आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे. मागची बाजू कोरी आहे त्याची. कँटीनमध्ये पत्त्यांचे गुण लिहायला कागद लागतो, आणि या चौघी लबाडी करतात."

मी अर्ज तिला दिला. तिने तो चार घड्या करून एका मैत्रिणीच्या खिशात कोंबला, आणि पाचही जणी एकदम बोलत, एकमेकींना गप्प करत, बाहेर पडल्या. त्यांचा आवाज व्हरांड्यातून बराच लांबपर्यंत येत होता. मी बाजूच्या खुर्चीवरची उशी उचलली, माझ्या खुर्चीवर ठेवली आणि बसून मनसोक्त रडले.